सुताचा गुलाब व त्याचे तास

गेल्या स्नेहसंमेलनाच्या वेळीं आमच्या शाळेंत हस्तव्यवसायाचें प्रदर्शन भरलें होतें, तें आमच्या बहुतेक वाचकांनीं पाहिलेंच असेल. त्यांत एका मेजावर पांढऱ्या, तांबड्या व गुलाबी सुताचे तीस गुलाब मांडलेले होते. हे गुलाब कापडावर भरलेले नव्हते, किंवा सपाट लेसेंत विणलेलेही नव्हते. त्यांच्या पाकळ्या खऱ्या गुलाबाप्रमाणें एकीमागें एक अशा उठून उभ्या होत्या, आणि बोटभर लांबीच्या एका लहानशा धोट्यानें गांठीवर गांठ मारून ते तयार केलेले होते. या कलेस टॅटिंग असें नांव आहे.

मेजापाशीं उभें राहून आम्हीं पुष्कळांचे अभिप्राय ऐकिले. एका सन्मान्य पालकांनीं प्रसन्नपणें म्हटलें, "मुलींनीं फावल्या वेळांत छान काम केलें आहे." दुसऱ्या एका व्यापारी गृहस्थांनीं एक गुलाब उलटसुलट करून पाहिला, आणि सर्वच्या सर्व गुलाब नगास बारा रुपये या दरानें घेण्याची तयारी दाखविली. "दोऱ्याला असा खर्च तो काय येतो?" असेंही ते म्हणाले. पहिल्याच्या बोलण्यांत कौतुक होतें व दुसऱ्याच्या बोलण्यांत व्यवहार होता. परंतु मागाहून विचार करतां आम्हांस असें वाटलें कीं, दोघेही एकच गोष्ट बोलत होते. हातानें केलेल्या कामास वेळ लागतो आणि तो वेळ कोणाचा तरी असतो, ही गोष्ट दोघांच्याही हिशेबांत नव्हती. तिच्याविषयीं विद्यार्थ्यांशीं व त्यांच्या आईबापांशीं थोडें बोलावें, या हेतूनें हा लेख लिहीत आहों.

प्रथम हा गुलाब होतो कसा, तें सांगितलें पाहिजे. कारण जें काम आपणांस ठाऊक नाहीं, त्याची किंमत आपण नेहमींच कमी करितों.

टॅटिंगचा धोटा म्हणजे विणकराच्या मागावरील धोट्याचें लहान भावंड होय. त्यावर दोरा गुंडाळलेला असतो. डाव्या हाताच्या बोटांभोंवतीं दोऱ्याचा वळसा धरावयाचा, आणि धोटा त्याच्या खालून नेऊन वरून परत आणावयाचा. ही पहिली अर्धी गांठ. मग तोच धोटा वरून नेऊन खालून परत आणावयाचा. ही दुसरी अर्धी गांठ. दोन्ही मिळून एक पुरी गांठ होते. सारी कला या एका गांठीवर उभी आहे. पण तींत एक मर्म आहे, आणि शिकणाऱ्या बहुतेक मुली पहिले दोन दिवस तेथेंच अडतात. गांठ मारतांना धोट्याचा दोरा बोटांवरील दोऱ्याभोंवतीं गुंडाळला जातो. त्याच क्षणीं डाव्या हाताचीं बोटें सैल सोडून धोट्याचा दोरा ताणला, म्हणजे गांठ उलटते, आणि बोटांवरचा दोरा धोट्याच्या दोऱ्याभोंवतीं बसतो. असें झालें तरच धोट्याचा दोरा गांठींच्या आंतून मोकळा सरकतो, व शेवटीं तो ओढतांच सर्व गांठी जवळ येऊन गोल कडी मिटते. गांठ उलटली नाहीं तर दोरा जागच्या जागीं आवळतो. मग तो पुढेंही जात नाहीं आणि मागेंही येत नाहीं. अशी आवळलेली गांठ सोडविण्यापेक्षां दोरा कापून पुनः आरंभ करणें पुष्कळदां सोपें पडतें.

दोन गांठींच्या मध्यें दोरा थोडा सैल ठेविला, म्हणजे एक इवलासा फांसा उभा राहतो. त्यास 'पिको' म्हणतात. हा शब्द आमच्या वाचकांस नवा वाटूं नये. कोल्हापुरांतील कोणत्याही साडीच्या दुकानाबाहेर 'फॉल-पिको करून मिळेल' अशी पाटी दिसते. त्या पाटीवरील पिको आणि हा पिको हा एकच फ्रेंच शब्द आहे. पिकोनें लेसेस शोभा येते हें खरें. परंतु त्याचें मोठें काम निराळें आहे. एक भाग दुसऱ्या भागास जोडावयाचा असला, म्हणजे या फांशांतूनच दोरा ओढून घेऊन जोड देतात. पिको नसते तर कडी कडीला जोडतां आली नसती.

आतां गुलाब. मध्यभागीं एक लहान कडी करावयाची. तींत बारा गांठी व सहा पिको. नंतर दोऱ्याच्या गुंड्याचा दुसरा दोरा जोडीला घेऊन गांठींच्या कमानी करावयाच्या. पहिल्या फेरींत सहा गांठींच्या सहा कमानी, आणि प्रत्येक कमान कडीच्या एकेका पिकोस जोडलेली. जोडाच्या जागीं दर वेळीं एक बारीक पिको मागच्या अंगास सोडून ठेवावयाचा. दुसऱ्या फेरींत नऊ नऊ गांठींच्या कमानी. या मागच्या पिकोंस जोडीत जावयाच्या. तिसरींत बारा बारा व चौथींत पंधरा पंधरा. दोन जोडांतील अंतर थोडें, आणि कमान मात्र फेरीगणिक लांब. तेव्हां ती सपाट मावणार कोठें? जागा पुरत नाहीं म्हणून ती फुगते, वांकते, आणि पुढच्या फेरीच्या मागून डोकें वर काढते. गुलाब उभा राहतो तो एवढ्यामुळेंच. त्यांत तार नाहीं, खळ नाहीं, डिंक नाहीं. थोड्या जागेंत अधिक लांबी बसविली, एवढेंच त्याचें रहस्य आहे.

या गांठी मोजून पाहा. मधल्या कडीच्या बारा, आणि कमानींच्या चार फेऱ्या मिळून दोनशें बावन्न. एकूण २६४ पुऱ्या गांठी, म्हणजे ५२८ अर्ध्या गांठी. प्रत्येक अर्ध्या गांठीस धोटा एकदां जावयाचा व एकदां यावयाचा. आमच्या नववीच्या वर्गांतील मुलीस पहिला गुलाब करावयास तीन सायंकाळा लागल्या. महिनाभराच्या सरावानंतर दोन पानांसह एक गुलाब सव्वा तासांत होऊं लागला. बारा रुपयांस सव्वा तास, म्हणजे तासास दहा रुपयेही नाहींत! दोऱ्याला फारसा खर्च येत नाहीं, हें त्या व्यापारी गृहस्थांचें म्हणणें अगदीं बरोबर होतें. पण त्यावरून जो निष्कर्ष निघतो तो त्यांनीं काढिला नाहीं. गुलाबांत दोऱ्याची किंमत अत्यल्प आहे, याचाच अर्थ असा कीं, त्याची बहुतेक सारी किंमत मुलीच्या वेळाची आहे.

या कलेकडे रिकामपणाचा चाळा म्हणून पाहण्याची रीति आपल्याकडेच आहे असें नव्हे. फ्रेंच भाषेंत टॅटिंगला 'फ्रिव्होलिते', म्हणजे पोरखेळ, असें नांव आहे. आणि इटालियन भाषेंतील 'कियाकेरीनो' हें नांव गप्पाटप्पा या अर्थाच्या शब्दावरून आलें आहे. अठराव्या शतकांत युरोपांतील थोर घराण्यांतील स्त्रिया टॅटिंगच्या आधींचें जें साधें गांठकाम, तें हातीं घेऊन गप्पा मारीत बसत, आणि हातांत धोटा धरून आपलीं चित्रेंही काढवून घेत. ज्यांना त्या कामावर पोट भरावयाचें नव्हतें, त्यांनीं त्यास खेळ म्हटलें तर नवल नाहीं. पुढें एकोणिसाव्या शतकांत कृतींचीं पुस्तकें निघालीं. एलिओनोर रिएगो द ला ब्रांशार्दिएर या बाईंनीं १८५० सालीं टॅटिंगवर पुस्तक प्रसिद्ध केलें, आणि ही कला सामान्य घरांत पोंचली. त्याच सुमारास आयर्लंडांत निराळाच प्रकार घडत होता. १८४५ सालापासून तेथें बटाट्यावर रोग पडून भयंकर दुष्काळ झाला, तेव्हां अनेक ठिकाणीं क्रोशाची लेस विणून स्त्रियांनीं आपलीं मुलेंबाळें जगविलीं. थरावर थर चढविलेला गुलाब हा त्या आयरिश लेसेचा प्रसिद्ध नमुना होय. आमच्या मुलींनीं धोट्यानें केलेल्या गुलाबाची ठेवण तीच आहे. एकाच्या हातीं जो पोरखेळ, तोच दुसऱ्याच्या घरीं भाकरी, असा हा प्रकार आहे.

आपल्या देशांत लेसेचें काम पसरविण्यांत मिशनच्या लोकांचा मोठा वांटा आहे, आणि आम्ही स्वतः मिशनच्या शाळेंत शिकलेले असल्यामुळें या इतिहासाच्या दोन्ही बाजू सांगणें आमचें कर्तव्य आहे. दक्षिणेंत नागरकोइल येथें १८१९ सालीं मार्था मॉल्ट या बाई आल्या, आणि त्यांनीं मुलींच्या वसतिगृहांत लेसेचें काम सुरू केलें. त्या वेळीं त्रावणकोरांत दास्याची चाल होती. लेसेच्या कमाईतून कांहीं दास मुलींनीं आपली मुक्तता विकत घेतली. या मुलींच्या कामाचा हिशेब ठेविला गेला आणि मोबदला त्यांच्याच हातीं पडला, म्हणूनच हें होऊं शकलें. ही एक बाजू.

दुसरी बाजू गोदावरीच्या मुखाकडील नरसापूरची. तेथेंही एकोणिसाव्या शतकांत मिशनऱ्यांकडून क्रोशाची लेस आली. पुढें तो व्यापार वाढला, दूरदेशीं माल जाऊं लागला, आणि व्यापारी धनवान् झाले. मारिया मीस या जर्मन विदुषींनीं तेथें राहून अभ्यास केला व १८८२ नव्हे, तर अलीकडे १९८२ सालीं, त्यावर ग्रंथ लिहिला. त्यांत त्यांनीं दाखविलें आहे कीं, या स्त्रिया दिवसाचे सहा सहा, आठ आठ तास लेस विणीत, तरी त्यांस मिळणारा मोबदला सरकारनें ठरविलेल्या किमान मजुरीच्या जवळपासही नसे. याचें मुख्य कारण काय? तर त्यांस कोणी कामकरी समजतच नसे. त्या 'घरीं बसणाऱ्या' गृहिणी, आणि लेस हा त्यांचा रिकाम्या वेळचा उद्योग! २०२४ सालीं नरसापूरच्या लेसेस भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्यानें मालाच्या नांवाचें रक्षण होईल, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु विणणारीच्या तासांचें रक्षण केवळ नांवानें होत नाहीं.

नागरकोइल आणि नरसापूर यांत दोऱ्याचा भेद नाहीं, कौशल्याचाही नाहीं. भेद आहे तो हिशेबाचा.

इतक्या लांबचीं उदाहरणें कशास पाहिजेत? आपल्या गुजरींत जाऊन पाहावें. तेथें दागिने गाठविणारे पटवेकरी असतात. साजाचे मणी आणि पानें दोऱ्यांत ओंवणें, जागोजाग पक्की गांठ मारणें, मागें गोंडा बांधणें, हें त्यांचें काम. तेंही सारें दोऱ्याचें व गांठींचेंच काम आहे. तें पुरुष दुकानांत बसून करितात, त्याची मजुरी ठरलेली असते, आणि ती देतांना, "तुमच्या फावल्या वेळचें काम, त्याला काय द्यावयाचें?" असें कोणी म्हणत नाहीं. तीच गांठ घराच्या उंबऱ्यावर बसून एखादी स्त्री मारूं लागली, म्हणजे मात्र ती फावल्या वेळची होते. या भेदास काय आधार आहे, तें आम्हांस तरी कळलेलें नाहीं.

आमच्या शाळेंतील बरींच मुलें शिवाजी पेठेंतील. पेठ म्हटली म्हणजे लोकांस तालमी आणि फुटबॉल आठवतात, आणि तें योग्यच आहे. परंतु सायंकाळीं रंकाळ्याकडून पेठेंत येतांना गल्लींत नजर टाकली, तर आणखी एक गोष्ट दिसते. दाराशीं उजेडाला बसून कोणी साडीला फॉल लावीत असते, कोणी पदराचे गोंडे बांधीत असते. टॅटिंगच्या वर्गांत जी मुलगी सर्वांच्या आधीं शिकली, तिची आई असेच गोंडे बांधते. मुलीच्या बोटांस गांठीची संवय घरींच झाली होती. आम्हीं वर्गांत गुलाबाच्या तासांचा हिशेब मांडावयास सांगितला, तेव्हां त्या मुलीनें घरीं जाऊन घड्याळ लावून आईचे तास मोजले. एका साडीच्या पदरास सव्वातीन तास लागले. त्याचे मिळतात पंचेचाळीस रुपये. तासास चौदाही पडत नाहींत.

दुसऱ्या दिवशीं तिनें ती वही आम्हांस दाखविली. आम्ही ती पाहत असतां ती म्हणाली, "बाई, शाळेच्या फॉर्मवर मात्र आईच्या व्यवसायापुढें 'गृहिणी' लिहिलें आहे. तास लिहायचे तर जागाच नाहीं." आम्ही निरुत्तर झालों, कारण तो फॉर्म भरून घेणारे आम्हीच होतों. त्या वर्गाचे सर्व फॉर्म काढून पाहिले, तेव्हां दोनतृतीयांशांहून अधिक फॉर्मवर तोच शब्द आढळला, आणि त्यांतील कित्येक मातांचीं कष्टाचीं कामें आम्हांस प्रत्यक्ष ठाऊक होतीं. घर चालविणें हें मोठेंच काम आहे, त्याची थोरवी आम्ही कमी करीत नाहीं. पण घर चालवून जी आणखी चार तास दुकानाचें काम करिते, तिच्या त्या चार तासांस आम्हीं स्वतःच्या अक्षरानें पुसून टाकिलें होतें. त्या दोन अभिप्रायांचा आम्हांस राग आला होता. आतां तो राग आमच्याकडेच वळला.

या विषयावर पालकांकडून तीन आक्षेप येतात, त्यांचा थोडक्यांत विचार करूं.

पहिला आक्षेप असा कीं, दहावीच्या परीक्षेस या गांठींचा उपयोग काय? गुण मिळविण्यास कदाचित् कांहींच नाहीं. परंतु ज्या मुलीनें एक गांठ आवळली म्हणून केलेला भाग कापून पुनः पहिल्यापासून आरंभ केला आहे, तिला चुकलेलें गणित फिरून सोडविण्याचा कंटाळा येत नाहीं, असा आमचा अनुभव आहे. शिवाय आठवड्यांतून एक तास म्हणजे कांहीं अभ्यासाचा सर्वनाश नव्हे.

दुसरा आक्षेप मुलांविषयीं. मुलांस हें बायकी काम कशाला? एक मुलगा, जो पेठेच्या एका संघांत फुटबॉल खेळतो, पायाला दुखापत झाल्यामुळें महिनाभर मैदानावर जाऊं शकला नाहीं. मागच्या बांकावर बसून तो धोटा चालवावयास शिकला. सोबती हंसले. त्याचा पहिला गुलाब तिरपा झाला, दुसरा बरा झाला, आणि पांचवा प्रदर्शनांत मांडण्याजोगा झाला. पाय बरा होतांच तो मैदानावर परत गेला, आणि त्याच्या खेळांत कांहीं बायकीपणा आल्याचें ऐकिवांत नाहीं. मुलांनीं ही कला शिकावी, याचें आमच्या मतें सर्वांत मोठें कारण असें कीं, ज्यानें स्वतः २६४ गांठी मारल्या आहेत, तो आपल्या आईच्या किंवा बहिणीच्या कामास पुढें कधींही फावल्या वेळचें म्हणणार नाहीं.

तिसरा आक्षेप यंत्राचा. यंत्रावर लेस स्वस्त व मुबलक होते, मग बोटें कशास झिजवावीं? यंत्राचा आम्हांस द्वेष नाहीं. रोजच्या कपड्यास यंत्राची लेस लावावी. ती स्वस्तच असावी. परंतु हातच्या वस्तूस यंत्राच्या वस्तूचा भाव देऊं नये. यंत्र भरतकामाच्या टांक्यांनीं या लेसेचें रूप तेवढें घेतें. धोट्याची गांठ त्यांत नसते. ज्यास रूप पाहिजे, त्यानें तें घ्यावें. ज्यास हातची गांठ पाहिजे, त्यानें हाताचे तास मोजून द्यावे.

तेव्हां आमच्या सूचना अशा आहेत. धोट्याचें काम मुलांस व मुलींस सारखेंच शिकवावें. प्रदर्शनांतील प्रत्येक वस्तूजवळ करणाराच्या नांवाबरोबर ती करण्यास लागलेले तास लिहावे. प्रत्येक विद्यार्थ्यानें वर्षांतून एकदां आपल्या घरांतील एका कामाचे तास घड्याळ लावून मोजावे, आणि तो हिशेब वर्गांत वाचावा. आणि शाळेच्या फॉर्मवर आईच्या व्यवसायापुढें जें खरें असेल तें, सारें, लिहितां येईल एवढी जागा ठेवावी.

पहिल्या सूचनेचा शेवट कसा होईल, तें आज सांगतां येत नाहीं. दुसरीचा थोडा अनुभव आला आहे, तो लपवीत नाहीं. प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशीं आम्हीं गुलाबांपुढें '२६४ गांठी व दोन पानें, सव्वा तास, किंमत पन्नास रुपये' असें कार्ड ठेविलें. पुष्कळांनीं तें वाचून गुलाब पुनः जागेवर ठेविला. तिसांपैकीं अकरा विकले गेले, आणि उरलेले एकोणीस मुलांनीं आपापल्या घरीं नेले. व्यापाराच्या दृष्टीनें हें यश नव्हे. बारा रुपयांस दिले असते, तर तीसही त्याच क्षणीं संपले असते. तरी तसें न केल्याबद्दल आम्हांस पश्चात्ताप होत नाहीं. ज्या अकरा जणांनीं घेतले, त्यांनीं कार्ड वाचून घेतले. आणि ज्यांनीं ठेविले, त्यांनींही तें वाचलें.

गोंडे बांधणाऱ्या त्या माउलीनें मुलीची वही दुकानदारास दाखविली. त्यानें साडीमागें पांच रुपये वाढविले, अधिक नाहीं. पुढें जूनमध्यें शाळा उघडली, तेव्हां मुलीनें नवा फॉर्म भरून आणिला. 'आईचा व्यवसाय' या छापील शब्दांपुढें तिनें बारीक अक्षरांत, ओळीच्या बाहेर जाऊन, लिहिलें होतें: 'घरकाम, आणि साडीचे गोंडे बांधणें, रोज चार तास.' आम्हीं तो फॉर्म तसाच स्वीकारून दप्तरीं लावला आहे.